हाताने कॉइल वळायला बसण्यापूर्वी

वेपची, म्हणजे ई-सिगारेटची, कॉइल (द्रव तापवून त्याची वाफ करणारी तारेची गुंडाळी) घरी करायची म्हटलं की नवखा माणूस आधी तार शोधायला लागतो. खरं तर तार सगळ्यात शेवटी आली तरी चालते. वेढे घालणं चार कॉइली बिघडल्या की हाताला बसतं; छळतात ते बॅटरी, मोजमाप आणि कॉइलपर्यंत द्रव पोचवणारा कापूस. म्हणून तयारीची सुरुवात तारेपासून नाही, यंत्र आणि बॅटरीपासून.

हे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, सिगारेट सोडून वेपवर आलेल्या प्रौढ मराठी मंडळींसाठी आहे. १ जून २०२५ पासून इथे एकदाच वापरून फेकायच्या वेपची विक्री बंद झाली, बरेच जण भरून वापरायच्या टाकीकडे वळले आणि मग तयार कॉइलीचा खर्च डोळ्यांवर आला. भारतातल्या वाचकांनी इथेच थांबावं. तिथे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात आणि विक्री बंद आहे, मग ती पूर्ण वस्तू असो की तिचा एखादा भाग. आणि ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही त्याने या फंदात पडूच नये. ब्रिटनची आरोग्यसेवा वेपला सिगारेटपेक्षा कमी घातक म्हणते, निर्धोक म्हणत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्र. त्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण हवंच: शॉर्ट असेल तर बटण दाबूनही चालू न होणारं, कॉइलचा विद्युतरोध ओहममध्ये दाखवणारं, वॅट कमी-जास्त करता येणारं. नुसती धातूची नळी, आत बॅटरी आणि खाली बटण असलेलं ‘मेकॅनिकल’ यंत्र कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. त्यात तुमच्या चुकीला अडवणारं काहीच नसतं. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये वेपच्या स्फोटात माणसं दगावली आहेत. टाकी हाताने वळलेली कॉइल बसवता येणारी आणि एका कॉइलचीच घ्या. दोन कॉइलींची टाकी दिसते भारी, पण दोन्ही अगदी सारख्या वळाव्या लागतात, आणि नव्या हाताला एकही धड जमत नाही.

आता बॅटरी. बाहेर काढता येणारी बॅटरी बहुतेक वेळा १८६५० मापाची असते, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. वेष्टनावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या मिलिअँपिअर-तासांना (एमएएच, म्हणजे बॅटरी किती साठवते) भुलू नका; सतत किती अँपिअर देते ते पाहा. सॅमसंगची २५आर सतत २० अँपिअरची, ३०क्यू १५ अँपिअरची. याच मापात ‘९९०० एमएएच’ असं छापलेली बॅटरी दिसली तर ती खोटी आहे, एवढी क्षमता या आकारात मावतच नाही. बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपन्या स्वतः सांगतात की त्यांचे सुटे सेल वेपमध्ये वापरण्यासाठी नाहीत. तरी लोक वापरतात. पण ही गोष्ट माहीत असलेला माणूस काळजी घेतो. वेष्टन कुठे फाटलंय का, धन टोकाची पांढरी चकती जागेवर आहे का, हे दर वेळी बघा. फाटलेलं वेष्टन चिकटपट्टीने सांधू नका, नवं चढवा किंवा बॅटरी बाद करा. सुटी बॅटरी खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर कधीच नको. प्लॅस्टिकची डबी अगदी स्वस्त मिळते, ती बॅटरीबरोबरच घ्या.

गणित थोडं आहे, पण टाळू नका. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते. थेट जोडलेल्या कॉइलचा रोध ०.७५ ओहम असेल तर ४.२ भागिले ०.७५, म्हणजे साडेपाच अँपिअरच्या आसपास. तीच कॉइल ०.१५ ओहमची झाली तर २८ अँपिअर, म्हणजे २५आरच्या मर्यादेबाहेर. नियंत्रण असलेल्या यंत्रात हिशोब वॅटवरून करतात: ४० वॅट, बॅटरी उतरत ३.२ व्होल्टवर आलेली, म्हणजे साडेबारा अँपिअर, वर यंत्राची थोडी घट धरा. सुरुवातीला ०.७ ओहमच्या खाली जायचं काही कारण नाही.

रोध मोजायला वेगळा ओहममीटर किंवा यंत्राचाच पडदा चालेल. नियम एकच: आधी आकडा, मग बटण. साधा मल्टिमीटर एवढे लहान आकडे नीट दाखवत नाही, त्यावर विसंबू नका.

हत्यारांत फार खर्च नको. टोकापर्यंत सपाट कापणारी छोटी पक्कड, सिरॅमिक टोकाचा चिमटा, टाकीच्या स्क्रूला नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर, धारदार कात्री, आणि वेढे घालायला ३ मिलिमीटरची सळई. ड्रिलचं बिट मागच्या गुळगुळीत बाजूने वापरलं तरी भागतं. स्क्रूड्रायव्हरबाबत कंजुषी करू नका. एकदा का स्क्रूचं डोकं घासलं गेलं, की टाकी गेली.

तार घ्यायची ती कान्थल ए-१. लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमचा हा मिश्रधातू, त्यात निकेल नाही. खोट्या दागिन्यांनी ज्यांचे कान खाजतात त्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण नायक्रोम ८० या दुसऱ्या तारेत सुमारे ८० टक्के निकेलच असतं. २६ गेज म्हणजे ०.४० मिलिमीटर जाडीची तार मीटरला साधारण साडेअकरा ओहम भरते. तीन मिलिमीटरच्या सळईवर सहा वेढे आणि दोन छोटे पाय (तारेची दोन्ही सुटी टोकं) धरले तर ०.८५ ओहमच्या आसपास, पाच वेढे घातले तर ०.७३ च्या जवळ. सिगारेटसारखा तोंडात धरून ओढायचा घट्ट झुरका हवा असेल तर २८ गेज, अडीच मिलिमीटरची सळई आणि सहा वेढे, ते १.१ ओहमपर्यंत जातं. स्टेनलेस स्टील, टायटॅनियम, शुद्ध निकेल हे तापमान-नियंत्रणासाठीचे प्रकार सध्या दुकानातच राहू द्या. निकेल आणि टायटॅनियम तर कोरडे लाल करून तापवायचेच नसतात.

वळण्याआधी तार स्वच्छ कापडाने पुसा, कारखान्यातलं तेल निघतं. वेढे एकमेकांना चिकटून, सळईवर ताण ठेवून घाला. पाय डेकच्या (टाकीतला कॉइल बसवायचा तळ) कोणत्या खांबाकडे जाणार ते आधी पाहून घ्या, नाहीतर कॉइल सुंदर आणि उलटी होते. स्क्रू आवळा, उरलेले पाय खांबाला लागून कापा. कापलेलं टोक जरी बाहेर राहिलं आणि टाकीच्या टोपीला टेकलं, तर शॉर्ट. कॉइल हवेच्या भोकावर मधोमध, धातूपासून दोनेक मिलिमीटर उंच असावी.

आता आकडा पाहा. हिशोबाच्या जवळपास आला तरच पुढे. दहा-बारा वॅटवर बटण क्षणभर दाबून सोडा, असं काही वेळा. लाली मधल्या वेढ्यातून दोन्ही बाजूंना पसरायला हवी. एखादाच वेढा आधी चमकला तर बटण सोडून चिमट्याच्या टोकाने कॉइलवरून हलकेच खरवडा, निवू द्या, पुन्हा दाबा. मधला भाग काळा आणि पाय लाल असतील तर स्क्रू ढिला आहे किंवा पाय फार लांब आहेत. लोखंडी चिमट्याने चालू कॉइल दाबू नका. हे सगळं कापूस घालण्यापूर्वी.

कापसात बहुतेक जण फसतात. समईची वात फार जाड वळली की तेल वर चढत नाही आणि टोक काजळतं, तसंच इथे. फार घट्ट ओढलेला कापूस द्रव धरूच शकत नाही, फार सैल असेल तर टाकी गळते. कॉइलमधून ओढताना थोडा अडखळला पाहिजे, पण तार वाकता कामा नये. औषधांच्या दुकानातला कापूस चालतो म्हणणारे भेटतील. मी वेपसाठीचा, न ब्लीच केलेला सेंद्रिय कापूसच घेतो, एक पुडकं महिनोन्महिने पुरतं. टोकं डेकच्या तळापर्यंत पोचतील इतकीच ठेवा आणि विंचरून थोडी विरळ करा. द्रवाच्या वाटा कोंबून भरल्या की आग लागल्यासारखी चव येते, आणि नवखा माणूस दोष तारेला देतो.

द्रव ओतून कापूस पूर्ण भिजवा, टाकी भरल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, मग पंधरा वॅटपासून हळूहळू चढा. इथल्या नियमांनुसार निकोटिनचं प्रमाण मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नसतं आणि निकोटिनच्या द्रवाची बाटली १० मिलिलिटरपर्यंतचीच मिळते; तरीही ते विष आहे, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलुपात ठेवा. तेलात विरघळवलेला कोणताही स्वाद टाकीत घालू नका.

मग काही बिघडलंच तर? करपट चव पहिल्याच झुरक्याला आली तर कापूस दाट आहे किंवा भिजलेला नाही. दोन-तीन दिवसांनी आली तर गोड द्रवाचा काळा थर बसलाय, कापूस बदला आणि कॉइल तापवून-धुवून पुन्हा वापरा. आकडा सारखा उड्या मारत असेल तर आधी स्क्रू, मग टाकीच्या तळाची पितळी पिन पुसून घ्या. यंत्र ‘टाकी नाही’ म्हणालं तर पाय तुटलाय किंवा पिन लागत नाहीये. तोंडात गरम थेंब उडत असतील तर कॉइलमध्ये द्रव साचलंय, कापूस कमी पडतोय. पाचेक वॅट वाढवून बघा, नाहीतर वात नवी घाला. गळती झाली की लोक रबरी कड्या बदलत बसतात, पण बहुतेक वेळा कापसाची टोकंच भोकं झाकत नसतात. आणि यंत्र, बॅटरी किंवा टाकी हाताला नेहमीपेक्षा गरम लागली तर शोध घेत बसू नका: बॅटरी काढा आणि कुठल्याही कापडापासून, कागदापासून दूर ठेवा.

सुट्टीत भारतात निघालात तर यातलं काहीच बॅगेत नको. सुट्या बॅटऱ्या विमानात सामानाच्या कप्प्यात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच लागतात; पण मुंबईला उतरल्यावर प्रश्न बॅटरीचा नसतो. २०१९ च्या कायद्याखाली ई-सिगारेट आयात केल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. टाकी धुवून, बॅटरी अर्धी भरून घरीच ठेवा, आणि परत आल्यावर कापूस नवा घाला.