शिडाच्या बोटीवर छोटा टीव्ही कसा बसवावा

बोटीवर टीव्ही हवाच कशाला, असं कुणीतरी विचारणारच. पाऊस लागून राहिलाय, नांगर टाकलेला आहे, दोन दिवस केबिनमध्येच काढायचेत आणि सोबत मुलं आहेत, अशी वेळ आली की विचारणारा स्वतःच रिमोट शोधायला लागतो. तेव्हा टीव्ही जरूर बसवा. पण कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. बोटीवरच्या विजेच्या गिऱ्हाइकांमध्ये टीव्हीचा नंबर सगळ्यात शेवटचा. इंजिन सुरू करायची बॅटरी, संपर्काचा रेडिओ, होकायंत्र, बिल्ज पंप (तळाशी साचलेलं पाणी उपसणारा), रात्रीचे दिवे यांच्या ताटातलं त्याने काही ओढून घेता कामा नये. पुढे लिहिलेलं जवळजवळ सगळं या एका अटीतून आलेलं आहे.

आधी जागा, मग टीव्ही

बहुतेक जण आधी टीव्ही विकत घेतात आणि मग तो कुठे बसेल ते पाहतात. उलटं करा. टीव्हीचे इंच कर्णात मोजतात, त्यामुळे आकड्यावरून रुंदी लक्षात येत नाही. 19 इंची पडदा साधारण 42 सेंटिमीटर रुंद असतो, 22 इंची 49 आणि 24 इंची 53. त्यात चौकटीची थोडी भर. छोट्या केबिनमध्ये आपण पडद्यापासून एक-दीड मीटरवर बसतो. तेवढ्या अंतराला 19 ते 24 इंच पुष्कळ झाले.

जुन्या खोक्याचा पुठ्ठा टीव्हीच्या मापाने कापा आणि मास्किंग टेपने बल्कहेडवर, म्हणजे केबिनच्या आडव्या भिंतीवर, चिकटवा. तो लगेच काढू नका. एखादी सहल होईपर्यंत तसाच राहू द्या. संडासाचं दार पूर्ण उघडतं का, कपाटाची झडप त्याला अडते का, रात्री अंधारात पायऱ्या उतरणाऱ्याचा खांदा त्यावर आपटतो का, स्वयंपाकाच्या ओट्यावरची वाफ थेट त्यावर जाते का, हे सगळं तो पुठ्ठा सांगेल. कोपरा दुमडलेला दिसला, तर तिथे टीव्ही फुटला असता असं समजा.

होकायंत्राकडे मात्र खास लक्ष द्या, कारण इथली चूक गैरसोयीवर थांबत नाही. टीव्हीच्या स्पीकरमध्ये चुंबक असतात. अनेक छोट्या बोटींचं होकायंत्र कॉकपिटच्या, म्हणजे बोट चालवणारा बसतो त्या उघड्या जागेच्या, बाजूने केबिनच्या मागच्या भिंतीत बसवलेलं असतं. त्याच भिंतीला आतून टीव्ही लावला, तर दोघांमध्ये प्लायवूडचा एक पातळ थर तेवढा उरतो. आतून पाहणाऱ्याला होकायंत्र दिसतही नाही. ऑटोपायलटचं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र तर याहून लपलेलं असतं, बरेचदा एखाद्या बाकाखाली किंवा कपाटाच्या तळाशी. दोन्ही नेमके कुठे आहेत ते शोधा आणि टीव्ही किमान एक मीटर दूर ठेवा. भोकं पाडायच्या आधी बोट धक्क्याला घट्ट बांधा, टीव्ही हातात धरून ठरलेल्या जागी न्या आणि दुसऱ्याला होकायंत्राकडे बघायला सांगा. आधी टीव्ही बंद ठेवून पाहा, मग चालू करून. काटा जरासुद्धा हलला तर जागा बदला.

टीव्हीच्या पाठीवरचं लेबल वाचा

टीव्ही घेताना चित्राच्या दर्जापेक्षा मागचं लेबल महत्त्वाचं. छोटे टीव्ही विजेच्या बाबतीत तीन प्रकारचे असतात. काहींचा ॲडॉप्टर बाहेर असतो आणि तो 12 व्होल्ट देतो. काहींचा ॲडॉप्टर 19 व्होल्टचा असतो. उरलेल्यांमध्ये घरगुती वीज थेट टीव्हीत शिरते. तिसरा प्रकार शक्यतो टाळा. त्याला इन्व्हर्टर लागतो. इन्व्हर्टर बॅटरीची वीज आधी चढवणार, टीव्ही ती पुन्हा उतरवणार, आणि दोन्ही वेळा थोडी वाया जाणार. शिवाय टीव्ही बंद केला तरी चालू राहिलेला इन्व्हर्टर स्वतःसाठी वीज खात बसतो.

पहिल्या प्रकारात एक सापळा आहे. टीव्हीही 12 व्होल्टचा, बोटीची बॅटरीही 12 व्होल्टची, मग द्या जोडून, असं वाटतं. पण ‘12 व्होल्टची’ बॅटरी 12 व्होल्टवर क्वचितच असते. मल्टिमीटर लावून पाहा. रात्रभर दिवे वापरल्यावर सकाळी 12.2 दिसेल, इंजिन सुरू करून चार्जिंग लागलं की 14.4 किंवा थोडं जास्त. लिथियम बॅटरी तर बराच वेळ 13 च्या वरच असते. ॲडॉप्टरचा टीव्ही मात्र मोजूनमापून 12 व्होल्ट मिळतील या भरवशावर बनवलेला असतो. काही टीव्ही 14.4 सहन करतात, काही एखाद्या दिवशी गप्प होतात.

बोट-कॅरव्हॅनसाठी बनवलेल्या टीव्हीवर इनपुटचा पल्ला छापलेला असतो, उदाहरणार्थ 10 ते 30 व्होल्ट. असा टीव्ही थेट जोडता येतो. तसा नसेल तर मध्ये डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज बदलून ठरावीक व्होल्टेज देणारी डबी, घाला, आणि तोही व्होल्टेज वाढवणारा व कमी करणारा, दोन्ही करणारा घ्या. नुसता कमी करणारा कन्व्हर्टर आत 12.1 व्होल्ट आले की बाहेर 12 देऊ शकत नाही, कारण त्याला वर थोडी मोकळीक लागते. मग ऐन सिनेमाच्या शेवटी पडदा काळा होतो. 19 व्होल्टच्या टीव्हीचं काम त्या मानाने सोपं आहे. बॅटरी कधीच 19 पर्यंत जात नाही, त्यामुळे फक्त वाढवणारा कन्व्हर्टर पुरतो. तुमची बोट 24 व्होल्टची असेल तर यातलं काहीही जोडण्यापूर्वी कन्व्हर्टरचा इनपुट पल्ला पुन्हा वाचा.

टोकाच्या गोल पिनेत बरेच जण फसतात. 5.5 × 2.1 आणि 5.5 × 2.5 मिलिमीटरच्या (बाहेरचा व्यास × आतल्या भोकाचा व्यास) पिना बाहेरून अगदी सारख्या दिसतात. 2.5 ची पिन 2.1 च्या खाचेत जाते, पण सैल बसते, आणि बोट डोलली की टीव्ही बंद-चालू व्हायला लागतो. लोक मग टीव्हीला दोष देत बसतात. ॲडॉप्टरवर पिनेचा धन-ऋण दाखवणारी छोटी आकृती असते. मध्यभागी प्लस आहे ना, तेही पाहून घ्या.

बॅटरीला परवडतं का?

22 इंची एलईडी टीव्ही साधारण 25 ते 30 वॅट घेतो, म्हणजे 12 व्होल्टवर सुमारे अडीच ॲम्पिअर. तीन तासांचा सिनेमा म्हणजे साडेसात ॲम्पिअर-तास. शंभर ॲम्पिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये असं मानलं, तर हातात पन्नास असतात. त्यातून फ्रिज, दिवे आणि पंप भागवून साडेसात निघतात का ते बघा. पडद्याचा उजेड कमी केला की खप लक्षणीय उतरतो, आणि रात्री केबिनमध्ये पूर्ण उजेड लागतही नाही. टीव्ही कधीही इंजिन सुरू करायच्या बॅटरीवर घेऊ नका. बोटीवर एकच बॅटरी असेल, तर टीव्हीच्या आधी दुसरी बॅटरी बसवा.

वायर ओढणं

टीव्हीला पॅनेलवर स्वतःचा स्विच आणि स्वतःचा फ्यूज द्या. दिव्यांच्या वायरला मध्येच फांदी काढून जोडू नका. फ्यूज 5 ॲम्पिअरचा पुरे, आणि तो प्लसची वायर जिथून निघते तिथेच हवा. फ्यूज टीव्हीपेक्षाही वायरला आग लागण्यापासून वाचवतो. टीव्हीच्या टोकाला बसवलेला फ्यूज वाटेतल्या वायरीच्या काही कामाचा नाही. वेगळा स्विच हवा तो यासाठी की टीव्ही स्टँडबायवर असताना तो आणि कन्व्हर्टर मिळून रात्रंदिवस थोडं थोडं पीत राहतात.

वायर अनेक बारीक तारांची, कथिलाचा मुलामा दिलेली, बोटीसाठीची घ्या. घरातल्या भिंतीत घालतात ती एकाच जाड तारेची वायर सततच्या थरथरीने आतून तुटते, आणि साध्या तांब्यावर खाऱ्या हवेने हिरवट थर चढतो. जाडीचा हिशेब करताना जायची आणि यायची अशी दोन्ही लांबी धरा. पॅनेलपासून टीव्हीपर्यंत 6 मीटर असतील तर वीज 12 मीटर फिरते. अडीच ॲम्पिअरला 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत साधारण 0.35 व्होल्ट पडतात, 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत 0.2. दुसरी घ्या, पैशात फार फरक पडत नाही आणि उद्या मोठा टीव्ही आला तरी ती बदलावी लागत नाही. जोड क्रिंप करून, म्हणजे पकडीने दाबून घट्ट करून, वर गोंदाची हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा. प्लस-मायनसच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, म्हणजे त्यांचं चुंबकीय क्षेत्र बरंचसं आपसात कापलं जातं. होकायंत्राजवळून जावंच लागलं तर हे विसरूच नका. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करायचा आणि धक्क्यावरची वीजही काढायची, हे सांगायला नकोच.

भिंतीवर बसवताना

टीव्हीच्या पाठीवर चार भोकांचा चौरस असतो, 75 किंवा 100 मिलिमीटरचा, आणि त्यात सहसा एम-4 चे स्क्रू बसतात. ब्रॅकेट त्याच मापाचा आणि कुलूप किंवा खटका असलेला घ्या. घरासाठीचा फिरता हात बोटीवर चालत नाही. बोट वाऱ्यावर वीस-पंचवीस अंश कलली की तो आपोआप उघडतो आणि पडदा केबिनमध्ये झोके घेतो. टीव्हीचं वजन तीनच किलो असलं, तरी लाटेवरून बोट आपटते तेव्हा ब्रॅकेटवर त्याच्या कितीतरी पट झटका येतो. म्हणून लाकडी स्क्रूवर विसंबू नका. आरपार बोल्ट घाला आणि पलीकडून रुंद वॉशर किंवा पट्टी द्या. भोक पाडण्याआधी भिंतीपलीकडे काय आहे ते हाताने चाचपून पाहा. तिथे पाण्याची टाकी, वायरींचा जुडगा किंवा डोलकाठीचा ताण घेणारी पट्टी असू शकते. बोटीच्या कवचात तर भोक पाडायचंच नाही. पाडलेल्या भोकांच्या कडा इपॉक्सीने बंद करा, नाहीतर प्लायवूड ओल शोषून घेतं.

टीव्हीच्या मागे दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळू द्या. केबिनमध्ये रात्री दव धरतं आणि बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या टीव्हीत ते आत उतरतं.

चित्र कुठून आणायचं

खरं सांगायचं तर आजच्या घडीला अँटेना ऐच्छिक आहे. निघण्याआधी सिनेमे आणि मुलांचे कार्यक्रम पेन ड्राइव्हवर किंवा फोनमध्ये उतरवून घेतले की काम भागतं. त्यामुळे टीव्ही निवडताना यूएसबी आणि एचडीएमआय दोन्ही आहेत ना ते पाहा. डिश अँटेनाच्या वाटेला छोट्या बोटीने जाऊ नये. नांगरावरची बोट वाऱ्याबरोबर फिरत राहते, डिशला मात्र उपग्रहाकडे टक लावून बसावं लागतं. आपोआप वळणारे घुमट मिळतात, पण ते जड आणि महाग असतात.

साधी अँटेना हवीच असेल तर चहूबाजूंनी सिग्नल घेणारी घ्या. फिरत्या बोटीवर एकाच दिशेची अँटेना दर अर्ध्या तासाने दगा देते. डोलकाठीच्या टोकावर ती लावली की पल्ला वाढतो, मात्र रेडिओच्या अँटेनापासून शक्य तितकी लांब ठेवा. केबल 75 ओहमची लागते. रेडिओची केबल 50 ओहमची असते, ती इथे वापरू नका. डोलकाठीवरून खाली येईपर्यंत पंधरा-वीस मीटर केबलमध्ये ढोबळमानाने निम्मा सिग्नल विरतो, म्हणून ॲम्प्लिफायर वर अँटेनाजवळच हवा. टीव्हीजवळ लावला तर तो क्षीण सिग्नलसोबत गोंगाटही मोठा करतो. डेकमधून केबल आत शिरते तिथे जलरोधक ग्लँड, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणारं बूच, बसवा आणि आतल्या बाजूला केबलला खाली झुकणारा वळसा द्या, म्हणजे झिरपलेलं पाणी वळशावरून ठिबकेल, टीव्हीत जाणार नाही. बोट सोडून जाताना, आणि वीज कडाडायला लागली तरीही, ही केबल टीव्हीतून काढून ठेवा.

रेडिओची परीक्षा

ही पायरी लोक हमखास गाळतात. कन्व्हर्टर आणि टीव्हीचा पडदा दोन्ही रेडिओ-गोंगाट सोडतात, आणि बोटीचा व्हीएचएफ रेडिओ त्याच्या तावडीत सापडू शकतो. गोंगाट असेल तर रेडिओ बिघडल्यासारखा वाटतही नाही, फक्त लांबचे आवाज ऐकू येईनासे होतात. ऑगस्ट 2018 मध्ये अमेरिकेच्या कोस्ट गार्डने एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएसमध्ये (जहाजं एकमेकांना आपली जागा कळवतात ती यंत्रणा) असाच व्यत्यय येत असल्याचा इशारा दिला होता. त्यांनी सुचवलेली चाचणी टीव्हीलाही लागू पडते. टीव्ही आणि कन्व्हर्टर बंद ठेवून रेडिओ शांत चॅनेलवर लावा. स्क्वेल्चची (खरखर दाबणारी) घुंडी खरखर ऐकू येईपर्यंत फिरवा, मग खरखर नेमकी थांबेल इतकीच मागे घ्या. आता टीव्ही चालू करा. खरखर परत आली तर गोंगाट टीव्हीकडून येतोय. कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंच्या वायरींवर, त्याच्या अगदी जवळ, फेराइटचे (गोंगाट शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे) क्लिप चढवा. त्याने भागलं नाही तर कन्व्हर्टर रेडिओ आणि त्याच्या केबलपासून दूर हलवा, किंवा चांगल्या कवचाचा दुसरा आणा. तोवर टीव्ही पाहताना रेडिओवर कुणी आपल्याला हाक मारली तर ऐकू येईल असं गृहीत धरू नका.

आवाजाचं एक राहिलं. छोट्या टीव्हीचे स्पीकर बहुधा मागे किंवा खाली तोंड करून असतात, त्यामुळे आवाज भिंतीत घुसतो आणि आपण तो वाढवत जातो. रात्री शांत पाण्यावरून आवाज फार लांब जातो, आणि शेजारी नांगरलेल्या बोटीला तुमचा खलनायक शब्दन् शब्द ऐकू येतो. एखादा ब्लूटूथ स्पीकर उशीजवळ ठेवा किंवा हेडफोन वापरा.

बोट चालू असताना मुलांना टीव्हीसमोर बसवू नका. डोळे स्थिर पडद्यावर आणि शरीर डोलतंय, अशा अवस्थेत बोट लागायला वेळ लागत नाही. पहिली लाटांची सफर झाली की पान्याने ब्रॅकेटचे चारही बोल्ट तपासा, एखादा तरी सैल झालेला सापडतोच. त्याच फेरीत फ्यूजच्या जोडाला हात लावून पाहा. तो कोमट लागला तर क्रिंप नीट बसलेलं नाही. कापून नव्याने करा.