आपली तारीख स्टारडेटमध्ये कशी बसवायची (साधा कॅल्क्युलेटर पुरतो)

माझी आजी साल कधी सांगायचीच नाही. "पुराच्या आधी दोन वर्षं लग्न झालं", "पूर येऊन गेला आणि तिसऱ्या वर्षी तुझा बाबा", असंच सगळं, आणि पूर म्हणजे पानशेतचाच, १२ जुलै १९६१, पुण्यात कुठला पूर असं विचारायची सोय नाही. स्टारडेट, म्हणजे स्टार ट्रेक मालिकांमध्ये तारीख सांगायची पद्धत, पण एवढीच भानगड आहे हो, कुठून मोजायचं आणि वर्षाचे तुकडे किती करायचे. शालिवाहन शकासाठी आपण सालातून ७८ वजा करतो (पाडव्याच्या आधीची तारीख असेल तर ७९), इथे २३२३ वजा करायचे आणि वर्षाचे १००० तुकडे करायचे.

पण आधी स्टारडेट कुठली हवी ते ठरवा, कारण स्टार ट्रेकमध्येच दोनतीन पद्धती आहेत. १९६६ च्या मूळ मालिकेतले चार आकडी नंबर सोडून द्या, लेखकांना सांगूनच ठेवलं होतं की कुठलेही चार आकडे घ्या आणि पुढे एक दशांश लावा. मी कॉलेजला असताना त्यात फॉर्म्युला शोधायला एक अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवलीये, तुम्ही नका घालवू. १९८७ ला सुरू झालेल्या नेक्स्ट जनरेशन या पुढच्या मालिकेची पाच आकडी स्टारडेट मात्र हिशोबात बसते आणि बहुतेकांना तीच हवी असते.

आता हे २३२३ आले कुठून? नेक्स्ट जनरेशनच्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडला डेटा नावाचं यंत्रमानवाचं पात्र सांगतं की साल २३६४ आहे, आणि स्टारडेट असते ४१९८६.०. दर सीझनला आकडा हजाराने पुढे जातो, म्हणजे ४१ हजारवालं वर्ष २३६४ धरलं तर शून्य येतं २३२३ ला. हे गणित फॅन लोकांनी मागाहून बसवलेलं आहे, त्यामुळे कुठे कुठे ते फसतं, ते पुढे सांगतो.

आजीचाच पूर घेऊ. १९६१ वजा २३२३ म्हणजे मायनस ३६२, गुणिले हजार, मायनस ३,६२,०००. मग १ जानेवारीपासून त्या तारखेपर्यंत किती दिवस होऊन गेले ते मोजा, मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजतो तसे मोजले तरी चालेल, शीट उघडली असेल तर तारखेतून त्याच वर्षाची १ जानेवारी वजा करा की झालं. १२ जुलै हा वर्षातला १९३ वा दिवस, म्हणजे १९२ दिवस पूर्ण झालेले. १९२ भागिले ३६५ गुणिले १००० केलं की ५२६.० येतात. हे मिळवायचे. मिळवायचे! इथे दहातले आठ जण चुकतात, मायनस दिसलं की अजून वजा करत सुटतात आणि मायनस ३६२५२६ लिहून मोकळे होतात, ते चूक आहे कारण काळ पुढेच चाललाय, शून्याच्या जवळ येतोय. बरोबर उत्तर मायनस ३६१४७४.०. आणि मायनस तारीख कशी असते असं कोणी विचारलं तर "पुराच्या आधी दोन वर्षं" म्हणजे दुसरं काय होतं, ते सांगा.

लीप वर्ष असेल तर ३६५ च्या जागी ३६६. चारने भाग जातो एवढं बघून थांबू नका, शंभरने जात असेल तर चारशेनेही जायला हवा, म्हणून २००० लीप होतं आणि १९०० नव्हतं.

वेळ घालायची असेल तर एक पूर्ण तुकडा पावणेनऊ तासांचा पडतो आणि दशांशानंतरचा एक आकडा साधारण ५३ मिनिटांचा, म्हणजे मुहूर्ताच्या मिनिटापर्यंत जायचा हट्ट धरू नका. आपली घड्याळाची वेळ धरायची का ग्रिनिचची, हा वादही तसा फुकटचाच, साडेपाच तासांनी जेमतेम ०.६ चा फरक पडतो.

उलटं करायचं तर स्टारडेटला हजाराने भागा आणि २३२३ मिळवा. नेक्स्ट जनरेशनच्या पहिल्या एपिसोडची ४१५१३ नाही हं, ४११५३.७, ती टाकली की २३६४.१५३७ येतं, २३६४ लीप आहे म्हणून ०.१५३७ गुणिले ३६६, छप्पन्न दिवस होऊन गेलेले, तारीख २६ फेब्रुवारी. छान बसतं. पण व्हॉयेजर या दुसऱ्या स्टार ट्रेक मालिकेत फर्स्ट कॉन्टॅक्टचा (गोष्टीतली माणसांची परग्रहवासीयांशी पहिली भेट) ३१५ वा वर्धापनदिन करतात तो एपिसोड घ्या. मूळ घटना ५ एप्रिल २०६३ ची, म्हणजे साल यायला हवं २३७८, आणि स्टारडेट आहे ५४८६८.६, जी आपल्या गणिताने निघते २३७७ च्या नोव्हेंबरात. इथे गणित दुरुस्त करत बसू नका, एक जुळवलं की दुसरीकडचं उसवतं.

२००९ च्या स्टार ट्रेक पिक्चरवाली पद्धत अगदीच सोपी, साल, टिंब, वर्षातला कितवा दिवस. आपला पूर १९६१.१९३. फक्त ते दशांश समजू नका, त्यातली २२५८.४२ म्हणजे २२५८ चा ४२ वा दिवस, ११ फेब्रुवारी, वर्षाचे बेचाळीस टक्के नव्हेत.

केकवर वगैरे लिहायची असेल तर हीच द्या. पुतण्याच्या बारशाला मी हौसेने पाच आकडीवाल्या पद्धतीने जन्मतारीख काढून दिली होती, ३ ऑगस्ट २०२४, मायनस २९८४१२.६, आणि केकवाल्याला ती मायनसची रेघ डिझाईन वाटली बहुतेक, त्याने काढूनच टाकली. त्या केकप्रमाणे पोरगं मे २६२१ मध्ये जन्माला येणार आहे.