चिहुआहुआची पिल्लं घ्यायची असतील तर निर्णय मादीच्या तब्येतीवर घ्या

चिहुआहुआ या चिमुकल्या कुत्र्याचं आदर्श वजन दीड ते तीन किलो. मेक्सिकोतल्या चिहुआहुआ राज्याचं नाव लागलेल्या या जातीचं डोकं गोल आणि अंगाच्या मानाने मोठं असतं, मादीची कंबर मात्र अरुंद. त्यामुळे पिल्लू वाटेत अडकणं आणि सिझेरियन करावं लागणं या जातीत वारंवार घडतं. शेजारी पिल्लू मागतायत, भाव चांगला मिळतो, 'एकदा तरी व्यायला हवी' असं कुणीतरी सांगतं, यातलं एकही कारण पुरेसं नाही. एकदाही न व्यायल्याने मादीला काहीच अपाय होत नाही. उलट नसबंदी केली तर गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो.

१. आधी मादीची तपासणी

भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार मादी १८ महिन्यांची होण्याआधी आणि ८ वर्षांची झाल्यावर तिच्याकडून पिल्लं घेता येत नाहीत. आयुष्यात जास्तीत जास्त ५ वेतं चालतात आणि पिल्लं विकणाऱ्याला राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पाच ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. एवढ्याशा जिवाला दोन वेतं पुष्कळ झाली, असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टरांकडून तीन गोष्टी तपासून घ्या: गुडघे, हृदय, डोळे. चालता चालता मागचा पाय उचलून दोन-चार पावलं लंगडी घालणारी आणि मग काही झालंच नाही अशी पळणारी मादी बहुतेकदा गुडघ्याची वाटी सरकत असल्याचं सांगत असते. हा दोष पिल्लांत उतरतो. हृदयाच्या झडपेचा आजार मात्र वय वाढल्यावर दिसतो, म्हणून तिच्या आई-वडिलांची हृदयं कशी होती तेही विचारा.

मादी दोन किलोच्या आत असेल तर पिल्लांचा विचारच सोडा. 'टीकप' नावाची वेगळी जात कुठल्याही मानकात नाही. ते बाजाराने दिलेलं नाव आहे आणि त्याची किंमत अशक्त पिल्लं मोजतात.

२. नर निवडताना

नर मादीपेक्षा लहान चणीचा असावा आणि त्याच्याही याच तपासण्या झालेल्या असाव्यात. मर्ल, म्हणजे फिकट अंगावर गडद तुकडे असलेला रंग, टाळा. दोन मर्ल एकत्र आले तर साधारण चौथा हिस्सा पिल्लांना ते जनुक दोन्हीकडून मिळतं, आणि अशी पिल्लं बहिरी किंवा आंधळी निघू शकतात. फिकट रंगाच्या कुत्र्यात मर्ल लपलेलाही असतो. शंका आली तर जनुकचाचणी करा.

३. गाभणपण

माजाच्या काळात रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासलं तर स्त्रीबीज कधी सुटलं ते कळतं. तिथून सुमारे ६३ दिवस मोजायचे. पंचविसाव्या दिवसानंतर सोनोग्राफी होते. ५५ व्या दिवसानंतरचा एक्स-रे अजिबात चुकवू नका: पिल्लं किती आहेत आणि त्यांची डोकी आईच्या कंबरेतून निघतील का, याचा अंदाज त्यातच येतो. एकच मोठं पिल्लू असेल तर सिझेरियनची तारीख आधीच ठरवणं उत्तम.

या काळात कॅल्शियमचं टॉनिक मनाने देऊ नका. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायला सुस्तावतं, आणि दूध उतरल्यावर गरज एकदम वाढली की आईचं रक्तातलं कॅल्शियम घसरतं. व्याल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत ती थरथरू लागली, धापा टाकू लागली, पाय ताठ झाले, तर पिल्लं लगेच बाजूला काढा आणि तिला दवाखान्यात न्या. सकाळपर्यंत थांबू नका. लहान जातींच्या ओल्या बाळंतिणी यातच दगावतात.

४. प्रत्यक्ष वीण

रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना आठवडाभर आधी शोधून ठेवा. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा तिचा ताप मोजा. तो ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरला की बहुधा चोवीस तासांत कळा सुरू होतात. पुढचं काहीही दिसलं तर निघा: अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू नाही, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त खंड, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव.

५. पिल्लांचे पहिले आठवडे

जन्मतः पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज त्याच वेळी वजन करून वहीत लिहा. ते रोज वाढलं पाहिजे. एक दिवस जरी घटलं तरी डॉक्टरांना फोन. पहिल्या आठवड्यात जागा २९ ते ३२ अंश सेल्सियस ऊबदार हवी, पण एका कोपऱ्यात ऊब कमी ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लं सरकू शकतील. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, ते पचत नाही. आधी हळूहळू ऊब द्या.

दूध सुटल्यावरही धोका संपत नाही. थोडा वेळ उपाशी राहिलं तरी पिल्लाची साखर उतरते, ते लडखडतं, निपचित पडतं. हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि दवाखाना गाठा. दिवसातून चार ते सहा वेळा थोडंथोडं खाणं हाच खरा उपाय.

डोक्यावरची टाळू या जातीत बऱ्याचदा उघडी राहते. छोटी असेल तर घाबरू नका, फक्त डोक्याला मार लागू देऊ नका. टाळू मोठी, डोळे बाहेरच्या बाजूला वळलेले आणि पिल्लू मंद असेल तर मेंदूत पाणी साठलंय का ते तपासा.

दुसऱ्या आठवड्यापासून जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांपासून लसी आणि तीन महिन्यांनी रेबीज. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस आणि गोचिडांचा बंदोबस्त विसरू नका. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. दुधाचे दात न पडता पक्के दात बाजूने आले तर ते काढून घ्यावे लागतात. घासण्याची सवय लहानपणीच लावा. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घाला. यांची श्वासनलिका नाजूक असते. माणसांचं पॅरासिटामॉल, कांदा, द्राक्षं आणि चॉकलेट यांपासून लांब ठेवा.

६. पिल्लू देताना

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकणं नियमाविरुद्ध आहे. मी बारा आठवडे ठेवावं म्हणेन, तोवर खाणं स्थिरावतं. लसीकरणाचं कार्ड, मायक्रोचिपचा क्रमांक, आई-वडिलांचे तपासणी अहवाल आणि चार दिवसांचं नेहमीचं खाणं सोबत द्या. पुढे कधी त्या घराला सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू तुमच्याकडेच परत येईल, हे लेखी ठरवून घ्या.