अमेरिकेत नोकरीतल्या भेदभावाची तक्रार : तारखेच्या या चुका टाळा

वंश, लिंग, धर्म किंवा मूळ देश यावरून नोकरीत डावललं गेलं, तरी अमेरिकेत १९६४च्या टायटल सेव्हन कायद्याखाली थेट कोर्टात जाता येत नाही. आधी समान रोजगार संधी आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे, तक्रार नोंदवावी लागते. त्यासाठी मुदत १८० दिवसांची. राज्याची स्वतःची भेदभावविरोधी यंत्रणा असेल तर ३००. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात ३००च.

खरा घोळ होतो तो दिवस कधीपासून मोजायचे यात. बहुतेक जण कामाच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात. कोलंबस रिक्स हे मूळचे लायबेरियाचे प्राध्यापक डेलावेअर स्टेट कॉलेजात शिकवत होते. त्यांना कायम न करण्याचा निर्णय १९७४ साली कळवला गेला, शेवटच्या वर्षाचा करार १९७५च्या जूनमध्ये संपणार होता. १९८०मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुदत निर्णय कळला तेव्हाच सुरू झाली. तक्रार उशिरा ठरली. कॉलेजात त्यांनी अंतर्गत दाद मागितली होती, पण तेवढ्याने मुदत थांबली नाही.

आपल्या माणसांचा पाय इथेच अडकतो, याचं मला फार वाईट वाटतं. ‘आधी एचआरशी बोलू, उगाच वाद कशाला’ या भल्या विचारात महिने निघून जातात. एचआरशी जरूर बोला, पण आयोगाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तिच्या आत तक्रार द्याच.

ईईओसीच्या पोर्टलवर नुसती चौकशी पाठवली म्हणजे तक्रार झाली, असं धरू नका. सहीची, औपचारिक तक्रार नोंदली गेली का, ते पाहा. तिच्यात सगळी कारणंही लिहा. फक्त वंशाचा उल्लेख केला आणि कोर्टात लिंगभेदाचा मुद्दा काढला, तर तो बहुधा बाहेर फेकला जातो. पुढे आयोगाचं दाव्याच्या परवानगीचं पत्र आलं की हातात ९० दिवसच असतात.

मुदत हुकलीच, तरी लगेच हात टेकू नका. वंशावरून भेदभाव झाला असेल, तर १८६६च्या कायद्यातून आलेल्या कलम १९८१खाली आयोगाची पायरी लागत नाही आणि नोकरीतल्या बहुतेक दाव्यांना चार वर्षं मिळतात. मात्र निव्वळ मूळ देशावरून झालेला भेदभाव त्यात बसत नाही. कंपनीचं पत्र आणि ते मिळाल्याची तारीख घेऊन वकिलाला हाच प्रश्न आधी विचारा.