घरात दोन-तीन भाषा असताना बाळाला बोलतं कसं करावं

सोलापूरच्या पूर्व भागात मी सोळा वर्षं अंगणवाडी चालवते. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, गल्लीत मराठी आणि दखनी, अशी इथली बहुतेक घरं. वर्षाला दोन-चार आया तरी विचारतात, "बाई, पोरगं बोलंना. आता एकच भाषा ठेवू का?" नका ठेवू. काय करायचं ते सांगते.

आधी कान बघा. मोठ्या आवाजाला बाळ दचकतं का, सहा-सात महिन्यांनंतर हाकेच्या दिशेला मान वळवतं का? शंका आली तर घरी टाळ्या वाजवून परीक्षा घेत बसू नका, हलणारे हात बघूनही बाळ वळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना सांगा, आणि कानाची तपासणी यंत्रावरच करून घ्या.

मग बोलत राहा. अंघोळ घालताना, भरवताना, भाजी निवडताना, जे हाताशी असेल त्याबद्दल.

आता भाषेचं. इथं मी स्वतः चुकले. माझी मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा तिचे शब्द जेमतेम आठ-दहा होते. ओळखीच्या एका शिक्षिकेनं सांगितलं, तीन भाषांनी डोक्यात गोंधळ होतो, फक्त मराठी ठेवा. मला ते पटलं. माझ्या सासूबाईंचं मराठी बाजारापुरतं. तोवर त्या भाकरी थापताना नातीला शेजारी बसवायच्या, तव्यावर पडणारी एकेक भाकरी मोजायच्या, "ओकटी, रेंडु, मूडु", मध्येच रागवायच्या, लाडानं काहीबाही सांगायच्या. माझं ऐकून त्यांनी तेलुगू बंद केलं. उरलं काय? "खा. बस. ये. नको." दिवसभर पोरीजवळ असणारं माणूस चार शब्दांवर आलं. तीन महिने गेले, पोरीचे शब्द काही वाढले नाहीत. मी सासूबाईंची माफी मागितली आणि पुन्हा तेलुगूतच बोला म्हटलं.

दोन वर्षांची व्हायच्या आत एका दुपारी ती म्हणाली, "अव्वा, नीळ्ळु पायजे." घरचे हसले, खिचडी झाली म्हणाले. मला मात्र रडू आलं. पाणी तेलुगूतलं, पायजे मराठीतलं, आणि दोन्ही आपापल्या जागी! हा गोंधळ नव्हे. जो शब्द आधी हाताला लागला तो घेऊन पोरीनं वाक्य उभं केलं होतं. दोन भाषांत वाढणारी मुलं असंच करतात आणि पुढे कुणाशी कोणती भाषा बोलायची ते त्यांचं त्यांना कळतं. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं, हे खरं नाही.

म्हणून नियम एवढाच: ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, समजूत काढता येते, गोष्ट सांगता येते, ती भाषा बाळाशी बोला. आईनं ही, बाबांनं ती, अशी वाटणी करायची गरज नाही. "काय करलालास" म्हणणारं आपलं सोलापुरी मराठीही चालतं, पुस्तकी मराठी आणायला जाऊ नका. पण येत नसलेल्या इंग्रजीत "वॉटर पी, हँड वॉश कर" एवढंच बोलू नका. त्यातून मुलाला ना इंग्रजी मिळतं, ना तुमच्या घरचं बोलणं. आणि शब्द मोजाल तेव्हा सगळ्या भाषांतले एकत्र मोजा. नुसते मराठी मोजून घाबरलेल्या किती आया मी बघितल्यात.

"हे काय? ते काय? सांग की!" ही परीक्षा बंद करा. बाळानं बोट दाखवलं की नाव सांगा आणि मनात पाचपर्यंत मोजत गप्प बसा. उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो आणि आपण मध्येच बोलून त्याची पाळी खातो.

पुढे मूल "मी करलं" म्हणेल. टोकू नका. "करलं" त्याला कुणी शिकवलेलं नसतं. बसलं, पडलं ऐकून त्यानं स्वतः नियम काढलेला असतो. "हो, तू केलंस!" एवढंच म्हणा.

मोबाइल दूर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनेनुसार दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, नंतरही दिवसाला एक तासाच्या आत.

मधात वेखंड उगाळून चाटवा म्हणणाऱ्यांना स्पष्ट नाही म्हणा. वेखंडानं वाचा येत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा आहे.

"त्याचा बापही उशिराच बोलला" हे ऐकून थांबलेल्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण तेवढे महिने हातचे जातात. वर्षाचं बाळ बा-बा, दा-दा असं बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं मूल आपणहून दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि वाचा-उपचार करणाऱ्यांचा पत्ता विचारा. आणि येत असलेले शब्द मूल विसरायला लागलं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात जा.