सस्पेंड केलं की पीसी लगेच उठतो: माझा अनुभव

लिनक्सच्या डेस्कटॉपला सस्पेंड (काम तसंच ठेवून मशीन झोपवणं) दिलं की पंखा थांबायचा आणि दोन सेकंदांत पुन्हा सुरू. पहिला संशय टेबलाला टेकलेल्या कुलरवर, कारण हादऱ्याने माऊस हलला तरी मशीन उठू शकतं. माऊस काढूनही तेच.

मग प्रॉक फोल्डरमधल्या एसीपीआयची (पॉवर सांभाळणारी व्यवस्था) 'वेकअप' फाइल कॅट या कमांडने वाचली. मशीन कोण उठवू शकतं, त्याची ती यादी. 'एनेबल्ड' म्हणजे परवानगी चालू. त्याच फाइलीत नाव लिहिलं की त्याची परवानगी बंद होते, म्हणून एकेक नाव लिहून सस्पेंड करून पाहिलं. लिहायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, पण नुसतं सुडो (अ‍ॅडमिन म्हणून कमांड चालवणं) इको (मजकूर छापणारी कमांड) चालत नाही. इकोचं आउटपुट पाइपने ('\|' या चिन्हाने) सुडो टी कडे, म्हणजे फाइलीत लिहिणाऱ्या 'टी' कमांडकडे, द्यावं लागतं. दोषी निघाला 'जीपीपी०', म्हणजे एक पीसीआय ब्रिज (मदरबोर्डवर कार्डं वगैरे जोडणारा दुवा). लिहिणं हे टॉगल आहे, दुसऱ्यांदा लिहिलं की परत चालू! रीबूटनंतर बदल पुसला जातो, म्हणून ही इको-टीची ओळ सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू होताना सेवा चालवणारी व्यवस्था) वनशॉट, म्हणजे एकदाच चालणाऱ्या, सर्व्हिसमध्ये टाकली.

वर्ध्याकडच्या खेड्यात लाइन कधीही जाते. सस्पेंडमध्ये उघडं काम रॅममध्येच असतं, लाइन गेली की तेही गेलं. इन्व्हर्टर नसेल तर हायबरनेट (काम डिस्कवर साठवून मशीन बंद करणं) लावा, त्यासाठी स्वॅप (डिस्कवरची राखीव जागा) रॅमएवढा तरी ठेवा.