जुलाब थांबले तरी झिंकची गोळी चालूच: चौदा दिवस कसे पार पाडायचे

पहिला पाऊस पडून ओढ्याचं गढूळ पाणी विहिरीत उतरलं, की आठवडाभरात आमच्या अकोले तालुक्यातल्या वाड्यांवर पोरांची पोटं बिघडतात. मी इथली आशा कार्यकर्ती आहे. ओआरएसची पुडी आणि झिंकच्या चौदा गोळ्यांचं पाकीट किती घरांत दिलं, ते मोजणं कधीच सोडलं. पुडी सगळे वापरतात. गोळ्या मात्र चौथ्या दिवशी फळीवरच्या डब्यात जाऊन पडतात, आणि महिन्याभरात तेच पोर पुन्हा जुलाबाने हैराण झालेलं दिसतं.

आधी वय बघा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर घरी काही करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे १० मिलिग्रॅम. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराला एक गोळी, २० मिलिग्रॅम. दिवसातून एकदाच, १४ दिवस.

ओआरएस सगळ्यांना येतं: मोठी पुडी पूर्णच्या पूर्ण एक लिटर पाण्यात, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. दर पातळ शीनंतर दोन वर्षांच्या आतल्याला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, घोट घोट. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच ठेवायचं. ‘पोटाला आराम’ म्हणून लेकराला उपाशी ठेवणाऱ्या सासूबाईंशी मी आता वाद घालत नाही, खिचडीची वाटी उचलते आणि स्वतःच भरवते. शीत रक्त दिसलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, पोर मलूल पडलं किंवा प्यायलेलं सगळंच उलटून टाकायला लागलं, तर मात्र हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी बघा.

आता गोळी. इथे मी स्वतः फसले होते. माझा थोरला दीड वर्षाचा असताना मी गोळी कपभर दुधात टाकली, ढवळली आणि कप त्याच्या हातात दिला. अर्धं दूध प्याला, अर्धं सांडलं. कपाच्या तळाशी पांढरा साका तसाच. म्हणजे औषध गेलं किती, देव जाणे. दुसऱ्या दिवशी बाटलीत टाकलं, तर साका बुचात अडकला. दोन दिवस वाया गेले आणि वर पोराला दुधाचाच राग आला.

तेव्हापासून माझी एकच पद्धत. स्टीलचा चहाचा चमचा घ्यायचा. गोळी कोरड्या चमच्यात ठेवायची आणि वरून उकळून गार केलेल्या पाण्याचे थेंब सोडायचे, चमचा निम्म्याच्या वर भरू द्यायचा नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाणी नको, वाटीत काढलेलं अंगावरचं दूध. बोटाने चुरू नका, ही गोळी आपोआप सुटते. मिनिटभरात ती फुगते, कडा ढासळतात आणि खळ होते. मग चमचा हलकेच गोल फिरवायचा आणि गालाच्या आतल्या बाजूने सोडायचा, जिभेवर नाही. चव तोंडात नाणं धरल्यासारखी असते, जिभेवर पडली की पोर थुंकणारच. त्यानंतर त्याच चमच्यात पुन्हा थोडं पाणी (सहा महिन्यांच्या आतल्याला अंगावरचं दूधच) घेऊन तळाला चिकटलेलं खळाळायचं आणि तेही पाजायचं. हे दुसऱ्यांदा पाजणं नव्वद टक्के बाया विसरतात. आकडा माझ्या अंदाजाचा, पण चमचे मी बघितलेत.

उपाशीपोटी देऊ नका, मळमळतं. दोन घास खाल्ले की द्या. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी द्या. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत, एकच द्यायची आणि पुढे चालू ठेवायचं.

खरी अडचण चौथ्या दिवशी येते. जुलाब थांबतात, पोर अंगणात पळायला लागतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘बरं झालंय, आता कशाला औषध?’ ताप उतरल्यावर गोळी बंद करायची आपल्याला सवय, तोच हिशेब इथे लावतात. तो इथे चालत नाही. जुलाबात अंगातलं झिंक वाहून जातं. आपल्या जेवणात ते आधीच बेताचं, कारण धान्याच्या कोंड्यातलं फायटेट झिंकला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. (नाचणी आंबवली की फायटेट कमी होतं, आजीच्या आंबिलीला नावं ठेवणाऱ्यांनी हे ऐकावं.) पहिल्या दिवसांच्या गोळ्यांनी जुलाब लवकर आटोक्यात येतात, हे खरं. पण पूर्ण मात्रा गेली तर पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते, आणि मला त्याचंच जास्त मोल आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये १० ते १४ दिवस झिंक द्यायला सांगितलं. आपल्या सरकारी कार्यक्रमात १४ दिवस धरलेत.

म्हणून गोळीची वेळ आजाराला बांधू नका, घरच्या कामाला बांधा. मी दिवाबत्तीची वेळ सांगते, कारण ती चुकत नाही. पाकीट दोऱ्याने कॅलेंडरच्या खिळ्याला टांगा, पोराचा हात पोचणार नाही इतकं उंच. चौदाव्या दिवसाच्या तारखेवर आजच गोल करा. पाकिटाच्या पाठीवर बॉलपेनने तारखा लिहू नका. मी लिहायला सांगायचे, तर चंदेरी कागद फुटून गोळ्या दमट व्हायच्या.

मेडिकलवाला झिंकचं टॉनिक देईल. घेऊ नका असं नाही, पण एका चमच्यात झिंक किती मिलिग्रॅम ते वाचा. भूक वाढवणाऱ्या रंगीत बाटल्यांत बऱ्याचदा नावापुरतं असतं. आणि ‘इतकं चांगलं आहे तर वर्षभर देते’ हेही नको. जास्त दिवस जास्त झिंक गेलं की शरीरातलं तांबं कमी पडतं.

पोराला आधीपासून लोहाचं औषध चालू असेल, तर ते जुलाब चालू असताना थांबवा. मग आठवड्यातून दोनदा १ मिली पुन्हा सुरू करा, पण झिंकच्या वेळेला नको, एक सकाळी, एक संध्याकाळी. शी काळी झाली तर घाबरू नका. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (रक्ताचे आनुवंशिक आजार) असेल तर लोहाआधी डॉक्टरांना विचारा. जीवनसत्त्व ‘अ’ सिस्टर देतात, तुम्ही फक्त बाळ आणि कार्ड घेऊन या.

पंधराव्या दिवशी मी रिकामं पाकीट बघायला जाते. मागच्या पावसाळ्यात एका घरी चौदाही कप्पे रिकामे होते. मी खूश. मग कळलं, त्यातल्या सहा गोळ्या मोठ्या भावाला पोट दुखतंय म्हणून दिल्या होत्या. आता पाकीट टांगायच्या दोऱ्याला चिठ्ठी बांधते, त्यावर पोराचं नाव.